मुद्दाम

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर अकरा.
टेबलावर नऊ वस्तू मांडल्यात
आणि हुक्केरी साहेब म्हणून गेलेत,
संध्याकाळपर्यंत सांगा, यातलं काय काय त्या नियमात बसतं.
रॉटरडॅमचं गिऱ्हाईक थांबलंय.

नियम मी चौथ्यांदा वाचतेय.
कुणा जर्मनानं कुणा फ्रेंचासाठी लिहिलेलं इंग्रजी
आणि वाचणारी मी, बुधगावची.
आमच्याकडं वायरलेस म्हणजे पोलिसांची जीप.

सोपं आधी उरकते.
पंपाचा मोबाईल स्टार्टर बसतो,
त्याच्या पोटात सिम आहे,
रात्री दोनला लाईट आली की मळ्यातनं मिस कॉल देतो.
फाटकाचा रिमोट बसतो. वाय-फायचा डबा बसतो.
गाय माजावर आल्याची खबर फोनवर धाडणारा
तो गळ्यातला पट्टा, तोही.
साधा एफएम रेडिओ?
तो तर कधी कुणाला चकार शब्द बोलत नाही.
तरी बसतो.
ऐकणंसुद्धा धरलंय त्यांनी.

केबलची गुंडाळी बाजूला.
तारेचा इंटरकॉम पूर्वी बसायचा,
कायदा बदलला आणि तार सुटली;
म्हणजे मोकळी नाही झाली,
दुसऱ्या कलमांच्या घरी नांदायला गेली.
प्रयोगशाळेनं मापं देऊन करून घेतलेला एकुलता बोर्ड,
त्याला सूट.

सगळं शेवटी एका शब्दावर अडतं.
वहीत मी त्याचं मराठी केलंय: मुद्दाम.
जे मुद्दाम लहरी सोडतं, किंवा मुद्दाम झेलतं,
ज्याला काही कळवायचं असतं
किंवा कोण कुठं आहे ते हुडकायचं असतं,
ते यंत्र आपलं.
डोक्यावरचा ट्यूबचा चोक दिवसभर गुणगुणतो,
त्याचा हिशेब वेगळीकडं.
त्याला कुणाला काही सांगायचं नसतं.

पलीकडं नसीमा सतारमेकर सोल्डर करते, मिरजेची.
मी गंमत म्हणून विचारलं,
तुमच्या सतारीच्या तरफा गं,
कुणी छेडत नाही तरी वाजतात, त्या बसतील का?
तिनं इस्त्रीसारखं तापलेलं टोक ओल्या स्पंजावर पुसलं.
म्हणाली, आपोआप कशाच्या वाजतात?
अब्बा दोन-दोन तास कान पिळत बसतात एकेकीचा.

नववी वस्तू मगदूम अण्णांचा सेट.
स्टोअरचे अण्णा. पत्र्याचा डबा, जुन्या टेपरेकॉर्डरची बटणं,
मागं खडूनं लिहिलेलं काहीतरी, पुसट.
हौसेनं स्वतः जोडलेला, स्वतःपुरता: बसत नाही.
विकायला काढला, की बसतो.
अण्णांचा मुलगा म्हणतो, काढू या.
साहेब म्हणतात, असेच शंभर करू या.

त्या पुरात टॉवर मुके झाले तेव्हा
अण्णा शामरावनगरच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली,
ट्रॅक्टरची बॅटरी लावून तीन रात्री बसले होते.
इन्सुलिन. दुधाची पावडर. होडी कुठं, बाळंतीण कुठं.
मी पुण्यात, एका अनोळखी माणसाच्या हौशी सेटपुढं.
आई सांगलीवाडीत, मावशीच्या माडीवर.
खरखरीतनं तिचं नाव आलं, आडनावासकट,
आणि मग अण्णा, जसं गोदामातला माल मोजावा तसे,
सुखरूप. सुखरूप. सुखरूप. ओव्हर.

शिक्का कमीत कमी पाच मिलिमीटर उंच हवा.
पट्टी लावून बघितलं,
डब्याच्या पाठीवर खडूचं ते अक्षर पुसल्याशिवाय
जागा होत नाही.

तक्त्यात मी आठ ओळी भरल्या.
नववीत पेन ठेवलं आणि बटण फिरवलं.
नुसती खरखर.
कुणी मुद्दाम करतंय की आपली हवाच आहे,
कान देऊन बसले,
साडेपाचचा भोंगा झाला.